पुणे, दिल्ली की मुंबई? सांगलीहून वाहनांचं संग्रहालय बघायला जायचं तर

सुट्टीत पोरांना जुन्या गाड्या दाखवायच्या म्हटलं की सांगलीकरापुढे तीन पर्याय येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: पोरं दहाच्या आतली असतील तर पुणे, सोबत एसटीतून निवृत्त झालेलं कुणी असेल तर मुंबई.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १९९८ सालचं. तिथे सगळं चालतं. सिग्नल पडतो, वाफेच्या इंजिनाची गाडी निघते, वर रुळाला लटकत जाणारी गाडीही आहे. मग खोलीतले दिवे मालवतात आणि इवल्याशा गावातले खांब उजळतात. माझा भाचा तेवढा वेळ गप्प होता, हे विशेष. पण खेळ लवकर आटोपतो. तेवढ्यासाठी खंबाटकी घाटातल्या रांगेत बसायची माझी तयारी नाही. पुण्यात नातेवाईक असतील तरच जमवा.

दिल्लीत चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय १९७७ चं. इंजिनं खरी, अवाढव्य. पतियाळा संस्थानची १९०७ ची मोनोरेल बघाच: मुख्य भार एका रुळावर, तोल सांभाळायला बाजूचं चाक रस्त्यावर. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला नेते. पण बरंचसं उघड्यावर आहे, त्यामुळे मे महिन्यात नको, दिवाळीत जा. सोमवारी बंद असतं.

मुंबईत बेस्टचं संग्रहालय वडाळ्याच्या आणिक आगारात आहे. जायच्या आधी फोन करून चालू आहे ना ते विचारा. इथे काही हलत नाही; ट्रामची मॉडेल्स, तिकिटांची यंत्रं, जुनी तिकिटं. पोरं कंटाळतील. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, ते तिकिटांपुढून हलेचनात. हिशेबात चार आणे कमी आले तर पदरचे घालावे लागत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

मुंबईत १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, १९०७ ला विजेची. १९२६ ला इंजिनाची बस आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. वीज रस्त्यावरून गेली, म्हणावं तर २०२३ पासून डबलडेकर विजेवर पळतेय. वाहतुकीचं भविष्य बघायचं तर तिकीट काढून तीच गाठा. आम्ही गाठली. वडील जिना चढण्याआधी कंडक्टर कुठे उभा राहतो ते बघून आले.