टांझानियातल्या दहा एकरांचा कागद

डिसेंबर 2023 मध्ये मी टांझानियात दहा एकर शेतजमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतली. निदान तसा कागद माझ्याकडे आहे. साडेचौदा लाख रुपये मोजले, सगळे निवृत्तीच्या पैशातले. कागदावर ज्या गावाचं नाव आहे ते गाव खरं आहे, त्या भागात तूरही पिकते. पण माझी तिथे वीतभर जमीन नाही, आणि ज्या पद्धतीने ती मला ‘दिली’ त्या पद्धतीने परदेशी माणसाला ती मिळूच शकत नाही. बडोद्यात माझ्यासकट ओळखीतलेच सात जण यात अडकलेत. ही जमीन विकणारी मंडळी आता दुसऱ्या शहरात नवं नाव घेऊन तसेच सेमिनार घेतायत असं कानावर आलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी मी यात का शिरलो ते सांगायला हवं. माझे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी रत्नागिरीकडून बडोद्याला आले. गावची जमीन कुळाकडे होती आणि 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याने ती कुळाची झाली. जो कसत होता त्याला मिळाली, त्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी वाईट बोललं नाही. पण वडील दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत शेवटपर्यंत म्हणत राहिले, ‘आपल्या नावावर गुंठाभर तरी असायला हवी होती.’ मी नोकरीत स्थिरावल्यावर बडोद्याजवळ पादरा गावाकडे जमीन बघायला गेलो होतो. तिथे कळलं की गुजरातेत जो मुळात शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, खातेदार असल्याचा पुरावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता. विषय तिथेच मिटला, मनातून मात्र गेला नाही.

ही योजना विकायला आलेल्या मुलाला हे बरोबर समजलं होतं. पस्तिशीचा, स्वच्छ मराठी बोलणारा, घरी आल्या आल्या वाकून नमस्कार करणारा. म्हणाला, ‘काका, इथे तुम्हाला सातबाऱ्यावर कोणी येऊ देणार नाही. तिथे नव्व्याण्णव वर्षं तुमचं नाव राहील, नातवापर्यंत.’ वडिलांची गोष्ट मीच त्याला पहिल्या भेटीत सांगितली होती.

सेमिनार दिवाळीनंतर अलकापुरीतल्या एका हॉटेलात झाला. पडद्यावर दाखवलेली बरीचशी माहिती खरी होती, हे मुद्दाम सांगतो. भारताला तूर आयात करावी लागते, हे खरं. मोझांबिकशी 2016 मध्ये आपल्या सरकारने तुरीचा करार केला, हेही खरं. टांझानिया, मलावी, म्यानमारहून तूर येते. पूर्व आफ्रिकेत आपली गुजराती माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. एवढ्या खऱ्या गोष्टी ओळीने ऐकल्यावर शेवटची खोटी गोष्ट त्यांच्यातच बेमालूम मिसळून गेली: टांझानियातल्या लिंडी भागात कंपनीकडे मोठी जमीन आहे, त्यातले तुकडे एकरी 1 लाख 45 हजारांनी पट्ट्यावर मिळतील, शेती कंपनी करेल, तूर कंपनीच विकत घेईल आणि दरमहा एक टक्का खात्यात जमा होईल.

दरमहा एक टक्का, पहिल्याच महिन्यापासून. पेरणीच्याही आधी. शेतातून पैसा असा येत नाही हे कळायला शेतकरी असावं लागत नाही. मला ते कळलंही, आणि मी ते बाजूला ठेवलं.

पैसे भरायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, बँकेतून टांझानियाला पाठवतो. तो हसला नाही, घाईही केली नाही. वही काढून आकडे मांडून दाखवले. ऑक्टोबर 2023 पासून परदेशी रक्कम पाठवताना 7 लाखांच्या वर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, कापला जात होता. साडेचौदा लाखांवर दीड लाख. ‘सरकारला कशाला द्यायचे काका, इथल्याच फर्मला रुपयांत द्या, आम्ही तिकडे वळते करतो.’ आकडा बरोबर होता. त्याने सांगितलं नाही ते एवढंच की टीसीएस हा खर्च नसतो, तो आपल्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. (एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाख झाली आहे.) आणि बँकेच्या वाटेने गेलो असतो तर ए-टू फॉर्म भरावा लागला असता, रक्कम कशासाठी आणि तिकडे कोणाच्या खात्यात जातेय हे लिहावं लागलं असतं. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत उघडपणे पैसे पाठवता येतात. ती कटकट वाटते, पण त्या एका फॉर्ममध्ये हे प्रकरण तिथेच अडलं असतं, कारण तिकडे खातंच नव्हतं.

रावपुऱ्यातल्या बँकेतून मी रुपयांत पैसे वळते केले. पावती आली, ती मी फाईलला लावली. त्यावर काय लिहिलंय ते सहा महिन्यांनी वाचलं. ‘कृषी सल्ला शुल्क.’ जमीन, पट्टा, एकर यांतला एकही शब्द त्या पावतीवर नाही. पोलीस अधिकाऱ्याने पहिल्यांदा तिच्यावरच बोट ठेवलं: ‘साहेब, कागदोपत्री तुम्ही साडेचौदा लाखांचा सल्ला घेतलाय.’

पट्ट्याचा कागद मात्र देखणा होता. जाड, फिकट हिरवा, वर स्वाहिली, खाली इंग्रजी, दोन गोल शिक्के. स्वाहिलीत शिक्क्याला ‘मुहुरी’ म्हणतात, आपल्या मोहरेसारखंच. हे शोधून काढल्यावर मला केवढा आनंद झाला होता. कोपऱ्यात ‘किजिजी’ असा शब्द होता, म्हणजे गाव. सगळी गोष्ट त्या एका शब्दात होती, पण तेव्हा मला ती वाचता आली नाही.

जानेवारीपासून दरमहा 14,500 रुपये येऊ लागले. फेब्रुवारीत व्हिडिओ आला: कापणीला आलेली तूर, तपकिरी शेंगा, मजूर पेंढ्या बांधतायत. तो मी घरातल्या सगळ्यांना दाखवला. माझ्या थोरल्या भावाला जाऊन चार वर्षं झाली. वहिनी बडोद्यातच वाडी भागात एकट्या राहतात. त्यांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, माझेही थोडे घालता का त्यात?’ मार्चमध्ये त्यांच्या 2 लाख 90 हजारांचे दोन एकर झाले. फॉर्मवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

जूनमध्ये पैसे थांबले. निरोप आला, अतिवृष्टीने पीक गेलं. एप्रिल 2024 मध्ये टांझानियात खरोखरच मोठे पूर आले, शंभराहून जास्त माणसं दगावली, बातम्या मी वाचल्या होत्या. म्हणून विश्वास बसला, उलट त्या लोकांची कीवच आली. तरी वसदला माझ्या ओळखीचे एक डाळ मिलवाले आहेत (वसदची तूरडाळ आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही), त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आफ्रिकेतलं पीक यंदा कसं आहे ते यांना ठाऊक असेल.

ते गादीवर बसून डाळ हातात घोळवत होते. व्हिडिओ बघितला, परत लावायला सांगितला आणि विचारलं, ‘हा कधी आला?’ म्हटलं, फेब्रुवारीत. त्यांनी डाळ थाळीत ठेवली. म्हणाले, ‘फेब्रुवारीत तूर कापतात ती आपल्याकडे. तिकडे तेव्हा ती शेतात हिरवी उभी असते. आफ्रिकेचा माल बंदरावर ऑगस्टनंतर लागायला सुरुवात होते. हे शेत भरूचकडचं असेल नाहीतर दभोईकडचं.’ मग त्यांनी स्क्रीन थांबवून जमिनीतल्या भेगा दाखवल्या. ती आपली काळी माती होती. पंचावन्न वर्षं मी ती रेल्वेच्या खिडकीतून बघत आलोय.

त्यानंतर जे करायला हवं ते केलं, सहा महिने उशिरा. शेजाऱ्यांची मुलगी दार एस सलामला असते. तिने तिथला एक वकील गाठून दिला. फी पडली बारा हजार रुपये, उत्तर नऊ दिवसांत आलं. कागदावरचा नोंदणी क्रमांक सरकारी दप्तरात नाही. आणि असता तरी उपयोग नव्हता. टांझानियात सगळी जमीन सार्वजनिक मानली जाते आणि राष्ट्राध्यक्ष तिचे विश्वस्त असतात. 1999 च्या कायद्यांनी तिचे तीन भाग केलेत: सर्वसाधारण, गावाची आणि राखीव. परदेशी माणसाला फक्त गुंतवणुकीसाठी, सरकारच्या गुंतवणूक यंत्रणेमार्फत, सर्वसाधारण जमिनीवर ठरावीक मुदतीचा हक्क मिळतो. गावाची जमीन त्याला थेट देता येत नाही. ती आधी गावसभेपुढे जाऊन, रीतसर प्रक्रियेने सर्वसाधारण गटात यावी लागते. माझ्या कागदावर गावच्या अध्यक्षाचा शिक्का होता. वकिलाने लिहिलं होतं की शिक्का खरा असला तरी त्या गृहस्थांना हा अधिकारच नाही.

हे नियम देशादेशांत वेगळे आहेत आणि बदलतातही. पंजाबातले शेतकरी जॉर्जियात जमिनी घ्यायला गेले होते; तिथे 2013 मध्ये परदेशी लोकांना शेतजमीन विकण्यावर स्थगिती आली आणि 2018 पासून ती मालकी राज्यघटनेनेच रोखली आहे. इथिओपियात 1995 च्या घटनेप्रमाणे जमीन सरकारची आणि जनतेची आहे. तिथे गंबेला भागात एका भारतीय कंपनीला 1 लाख हेक्टरचा पट्टा मिळाला होता, तोही पुढे सरकारने रद्द केला. एवढ्या मोठ्या कंपनीचं जर असं होतं, तर बडोद्यात बसून सही करणाऱ्या निवृत्त माणसाचं काय हे मला कुणी आधी विचारायला हवं होतं. खरं तर मीच विचारायला हवं होतं. पादऱ्याची अर्धा एकर बघायला गेलो तेव्हा तलाठ्याकडे दोन फेऱ्या मारल्या होत्या, सातबारा, आठ-अ, फेरफार सगळं मागितलं होतं. टांझानियाच्या दहा एकरांसाठी विकणाऱ्याने दिलेल्या फाईलवर मी थांबलो.

सागवान लावून मोठा परतावा देऊ म्हणणाऱ्या योजना आठवणारी माणसं अजून आहेत. नव्वदच्या दशकात त्यात किती घरं बुडाली, आणि त्यानंतर 1999 मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणले. पैसे आपले, शेती दुसऱ्याची, कारभार दुसऱ्याचा आणि परताव्याचं आश्वासन असेल तर ती योजना सेबीकडे नोंदलेली आहे का, हे विचारता येतं. मी विचारलं नाही. जमीन परदेशात आहे म्हणजे हा विषय सेबीचा नाही, अशी माझी समजूत होती. पैसे तर इथल्या लोकांकडून इथेच गोळा होत होते.

ऑगस्टमध्ये अलकापुरीच्या ऑफिसला कुलूप लागलं. आम्ही चौघांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिला. अधिकाऱ्यांनी ठेवीदारांच्या संरक्षणाच्या 2003 च्या गुजरातच्या कायद्याचा उल्लेख केला, पण त्यासाठी तक्रारदार जितके जास्त तितकं बरं, असंही सांगितलं. उरलेले तिघे पुढे येत नाहीत. एकाने मुलाला सांगितलेलं नाही, एकाला अजून पैसे येतील असं वाटतं. त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की मलाही जूनमध्ये, जुलैमध्ये असंच वाटत होतं. तुमच्याकडेही तो फिकट हिरवा कागद असेल आणि पावतीवर ‘कृषी सल्ला शुल्क’ असेल, तर बँकेचा उतारा, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि तो फेब्रुवारीचा व्हिडिओ पुसू नका. आमच्या अर्जात व्हिडिओच सगळ्यात कामाला येतोय.

वहिनींना सांगायला मी जुलैत गेलो. पासबुक आणि माझ्या सहीचा फॉर्म दोन्ही टेबलावर ठेवले. त्यांनी फॉर्म उचलला, माझी सही बघितली आणि परत माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, ‘पोळ्या टाकतेय, जेवूनच जा.’ त्यांचे दोन हप्त्यांत 5,800 रुपये आले होते, ते वजा करू नका असं मी म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांच्या खात्यात दहा हजार भरतो. अजून 1 लाख 44 हजार 200 राहिलेत.