झेनोडो: डेटा ठेवायला उत्तम, पण गाळणी तुमची तुम्हीच लावा

सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेकडून २०१३ पासून चालवलं जाणारं झेनोडो हे संशोधनाचं मोफत डेटा-भांडार. एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फाइल्सपर्यंत मावतात. फाइल्स जास्त असतील तर झिप करायच्या. प्रकाशनाआधीच डीओआय (नोंदीचा कायमचा ओळख-क्रमांक) राखून ठेवता येतो, त्यामुळे तो लेखाच्या मसुद्यात घालता येतो. प्रत्येक सुधारित आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो. निष्कर्ष कुठल्या आवृत्तीवरून काढला हे मग झाकता येत नाही, आणि मला हीच त्याची सगळ्यात जमेची बाजू वाटते.

माणसांची माहिती असेल तर मात्र जपून. ओळख पुसली गेली आहे का, हे इथे कुणी तपासून देत नाही. नाव-फोन काढून भागत नाही. जन्मतारीख, पोस्टल कोड आणि लिंग एकत्र आले की माणूस सापडतो. तारखेऐवजी वयोगट, कोडऐवजी जिल्हा ठेवा. मग अशा प्रत्येक जोडणीत किमान पाच ओळी (म्हणजे पाच माणसं) आहेत का ते मोजा; कमी असतील तर गट मोठे करा. एक्सेलमधली लपवलेली शीट आणि फोटोतलं जीपीएस हमखास राहून जातं.

फाइल्स ‘प्रतिबंधित’ केल्या तरी शीर्षक आणि वर्णन सगळ्यांना दिसतंच. संमतीपत्रात पुनर्वापराची परवानगी नसेल तर ही सोय म्हणजे पळवाट नव्हे. नोंद काढून टाकली तरी तिच्या जागी सूचनापान उरतं, आणि उतरवून घेतलेल्या प्रती परत येत नाहीत. रंगीत तालमीसाठी वेगळा सँडबॉक्स आहे, तिथे आधी बनावट फाइल चढवून बघा.