झेरमॅटचं शॅले, २,२९० युरो आणि "दारात मोफत पार्किंग"

सुट्टीसाठी घर बुक करताना घरमालक बुकिंगची साईट सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हणाला की तिथेच थांबा. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, भाड्याने घेताना आमचे २,२९० युरो गेलेत, रुपयांत किती होतात ते आईला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही दोघं मूळचे पुण्याचे, सध्या जर्मनीत. लग्नाला पाच वर्षं झाली म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये दोघांनीच बर्फात जायचं ठरलं. मला स्कीइंग येत नाही, नवऱ्याला येतं असं त्याचं म्हणणं. फ्रान्समधलं शामोनी बघितलं, पण तिथे स्कीचे भाग दरीभर विखुरलेले, एकीकडून दुसरीकडे बसने जा. ऑस्ट्रियातलं सांक्ट आंटोन पट्टीच्या स्की करणाऱ्यांचं. स्वित्झर्लंडमधलं ग्रिंडेलवाल्ड चाललं असतं पण तिथून ट्रेनने वर जातात त्या युंगफ्राउयोखचे फोटो आमच्या निम्म्या नातेवाईकांकडे आहेत, परत तेच कशाला. झेरमॅटला सुनेगाला नवशिक्यांसाठी वेगळा उतार आहे, समोर मॅटरहॉर्न शिखर, आणि गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्याच नाहीत, सगळं शांत. हे शेवटचं लक्षात ठेवा.

"एवढं स्वस्त बघून शंका नाही आली?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना सांगते, स्वस्त नव्हतं! सात रात्रींचे १,८९० युरो. फेब्रुवारीत अर्ध्या युरोपच्या शाळांना सुट्ट्या असतात त्यामुळे बाकीचे भाव वर होते, पण हे काही फुकटात देतोय असं वाटण्यासारखं नव्हतं. साईट नावाजलेली, रिव्ह्यू चांगले, माणूस मेसेजला पाच मिनिटांत उत्तर देणारा, नंबर स्विस. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर या, साईटचं कमिशन वाचवू, थेट ट्रान्सफर करा, साईटचाच लोगो असलेलं इनव्हॉइस. नोव्हेंबरमध्ये ९४५ दिले, जानेवारीत उरलेले ९४५ आणि वर ४०० डिपॉझिट, "चावी परत केलीत की लगेच रिफंड". दोघांच्या पासपोर्टचे स्कॅनही मागितले, तेही दिले, कारण युरोपात हॉटेलवाले मागतातच.

आणि आता ते पार्किंग. घराच्या नियमांची पीडीएफ आली होती त्यात सरळ लिहिलेलं, दारासमोर एका गाडीचं मोफत पार्किंग. झेरमॅटमध्ये! जिथे बाहेरच्यांची गाडी जातच नाही, खालच्या टेश गावात लावून पुढे १२ मिनिटं ट्रेनने जावं लागतं, हे मी स्वतः नवऱ्याला ऐटीत सांगितलं होतं. नवऱ्याने विचारलंसुद्धा, अगं हे पार्किंग कसं काय? मी मालकाला विचारलं. तो म्हणाला आमच्या शॅलेला स्पेशल परमिट आहे, पाहुण्यांना मिळतं, आणि दहा मिनिटांत शिक्का वगैरे मारलेलं परमिट पाठवलं. आता सांगा, विचारलं नाही असं तर नाही ना? विचारलं, उत्तर मिळालं, कागद मिळाला. अजून काय करायचं होतं मी? रात्री झोप येत नाही तेव्हा ती एक ओळ डोळ्यांसमोर येते आणि मालकापेक्षा मलाच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात, ते वेगळं.

टेशच्या पार्किंगमधल्या माणसाने ते परमिट वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि काही न बोलता परत दिलं. तेव्हाच पोटात गोळा आला. तरी गाडी लावून बॅगा घेऊन ट्रेनने वर गेलो, पत्ता शोधला. पत्ता खरा होता. दारावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कागद चिकटवलेला, तीन भाषांत, हे घर भाड्याने दिलं जात नाही. म्हणजे आमच्याआधी किती जण बॅगा घेऊन त्या दारात उभे राहिले असतील बघा.

स्टेशनवरूनच बँकेला फोन केला. शनिवार होता, म्हणे सोमवारी करा. सोमवारी म्हणाले तुम्ही स्वतः अ‍ॅपवर मंजुरी दिलीत, आम्ही काय करणार. पैसे परत मागवायची विनंती पाठवतो म्हणाले, त्याचे १५ युरो माझ्याच खात्यातून कापले आणि तीन आठवड्यांनी उत्तर, समोरच्या खात्यात शिल्लक नाही. जर्मनीत पोलिसांकडे गेलो तर घर स्वित्झर्लंडमध्ये आहे, तिथे तक्रार करा. तिथे फोन केला तर पैसे जर्मनीतून गेले, तिकडे करा. खातं तिसऱ्याच देशातलं. नुसती टोलवाटोलवी. शेवटी जर्मनीत ऑनलाईन तक्रार घेतली, मी चॅट, इनव्हॉइस, आयबॅन (म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), परमिट सगळं नंबर घालून जोडलं, आणि मे महिन्यात एका पानाचं पत्र आलं की आरोपीचा शोध लागला नाही, तपास थांबवत आहोत. खातं कोणाच्या नावावर होतं ते तरी विचारलंत का, म्हणून फोन केला तर ती माहिती तुम्हाला देता येत नाही! माझे पैसे ज्या खात्यात गेले त्याची माहिती मला नाही, पण चोराच्या प्रायव्हसीची काळजी सगळ्यांना. साईटवाल्यांचं तर विचारूच नका, "व्यवहार आमच्या प्लॅटफॉर्मबाहेर झाला" हे एकच वाक्य चार वेगवेगळ्या नावांच्या माणसांनी पाठवलं. अहो पण तो माणूस तुमच्याच प्लॅटफॉर्मवर भेटला ना?

आयबॅनची पहिली दोन अक्षरं बघा. स्विस खातं सीएचने सुरू होतं, आमच्या इनव्हॉइसवर एलटी होतं, म्हणजे लिथुआनिया. हल्ली बऱ्याच ऑनलाईन बँकांची खाती तिथलीच असतात त्यामुळे मला विचित्र वाटलं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरोझोनमधल्या बँकांना ट्रान्सफरच्या आधी नाव आणि आयबॅन जुळतंय का ते दाखवावं लागतं, आमच्या वेळी ते नव्हतं. स्वित्झर्लंड त्या नियमात नाही, तेव्हा तिकडे पैसे पाठवताना त्याच्या भरवशावर राहू नका. नाव जुळत नाही असं दिसलं आणि मालक म्हणाला "बायकोचं खातं आहे", तर फोन ठेवा.

अजून एक, झेरमॅटला माणशी दर रात्रीचा पर्यटक कर लागतो. आमच्या इनव्हॉइसवर सफाईचे पैसे होते, चादरींचे होते, कर कुठेच नव्हता. पैसे साईटवरूनच आणि क्रेडिट कार्डानेच भरा, निदान भांडायला जागा राहते. पासपोर्टच्या स्कॅनवर आडवं लिहा की फक्त अमुक बुकिंगसाठी, तारखेसकट. माझे स्कॅन कुठे फिरतायत देव जाणे.

त्या रात्री टेशलाच खोली घेतली, तीन रात्रींचे ५५८ फ्रँक, आणि नवरा एकदा पडून मनगट दुखावून बसला तो भाग सोडून देते.

ती जाहिरात नंतर परत दिसली, गाव बदललं होतं, मालकाचं नाव बदललं होतं, फोटो तेच. स्वयंपाकघरात निळ्या टाईल्सची जुनी शेगडी आहे, खालच्या ओळीतली उजवीकडची टाईल कोपऱ्यात फुटलेली आहे, आणि खिडकीत लाल किटली. हा फोटो कुठल्याही गावाच्या नावाने दिसला तर एक सेंटही भरू नका.