पाचवीला कुठे घालायचं: गावचं सरकारी हायस्कूल की शहरातलं अनुदानित?

गोव्यात सत्तरी, पेडणे तालुक्यात पोराची चौथी झाली की घराघरात हाच विषय. बहुतेक जण पट, म्हणजे शाळेतली मुलांची संख्या बघतात, आकडा लहान दिसला की सरकारी शाळेवर फुली. मला हे अजिबात पटत नाही.

पट का कमी ते आधी बघा. गावात मुलंच कमी झालीत, त्यात ज्यांना जमतं ते वाळपई, म्हापशाला नेतात, मग गावच्या शाळेत उरतात शेतकऱ्यांची, धनगरवाड्यावरची आणि कर्नाटक, यूपी, बिहारहून कामाला आलेल्यांची मुलं. एकाच वर्गात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी. काही पालक यालाच घाबरतात, मला तर ते चांगलंच वाटतं. पण अडचण खरी आहे, पाचवीपासून इंग्रजी माध्यम आणि घरी समजावणारं कोणी नाही, त्यामुळे सरांचा बराच वेळ भाषेतच जातो. शिवाय बापाचं साइटवरचं काम संपलं की मूल वर्षाच्या मध्येच शाळा सोडून जातं.

शहरात तुकड्या भरलेल्या असतात, आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक धरलाय, तो हिशेब प्रत्यक्ष वर्गात बसून मोजा. बालरथ (मुलांना ने-आण करणारी शाळेची बस), खेळ, स्पर्धा तिथे जास्त. आणि मोठा फायदा म्हणजे शिक्षक त्याच संस्थेत राहतात, सरकारीत चांगले सर रुळले की बदली. आठवीपर्यंत माध्यान्ह आहार दोन्हीकडे आहे, त्यावरून ठरवू नका.

निकालाची टक्केवारी लहान शाळेला फसवते. दहावीला 12 मुलं बसली आणि एक नापास झालं की 100 वरून थेट 92च्या खाली, दीडशे मुलांच्या शाळेत एकाने काही कळतसुद्धा नाही. म्हणून टक्के सोडा, यूडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, इयत्तावार मुलांचे आकडे बघा. नववीत गर्दी आणि दहावीत एकदम कमी असं दरवर्षी दिसलं तर मुलं नववीतच अडकतायत का ते हेडमास्तरांना सरळ विचारा, मग शाळा सरकारी असो की अनुदानित.

माझं मत, गणित आणि विज्ञानाला कायम शिक्षक असतील तर गावातच ठेवा, वीस मुलांच्या वर्गात तुमचं मूल मागे पडलं तर आठवड्यात लक्षात येतं. दोन्ही विषय लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकांवर चालले असतील तर मात्र शहरात घाला, आणि नाव घालण्याआधी जायची यायची बस नक्की करा.