‘कंत्राटदाराने वेळोवेळी सुधारलेला आराखडा’ : एका व्याख्येत बुडालेले ३०,९१,२०० रुपये

बिनतारी नेटवर्क उभारून घेण्यासाठी कोणाशी करार करणार असाल, तर दर, मुदत आणि दंडाची कलमे वाचण्याआधी ‘व्याख्या’ हे पहिले प्रकरण उघडा आणि त्यात ‘रेडिओ अभियांत्रिकी आराखडा’ (अँटेनाच्या खांबांची उंची, सिग्नल आणि वेग ठरवणारा कागद) म्हणजे काय म्हटले आहे ते पाहा. आमच्या करारात ती व्याख्या दीड ओळीची होती : ‘कंत्राटदाराने या कामासाठी तयार केलेला व वेळोवेळी सुधारलेला आराखडा’. या दीड ओळीपायी आमचे ३०,९१,२०० रुपये गेले आणि वर आणखी ७,७२,८०० रुपये आमच्याकडूनच येणे आहेत, असा दावा समोरच्याने लावला आहे.

आम्ही सह्याद्रीच्या घाटमाथ्याजवळच्या एका तालुक्यातील तिघे केबलचालक. टीव्हीचा धंदा उतरणीला लागल्यावर इंटरनेटचा परवाना घेतला. गावोगाव फायबर नेणे डोंगरामुळे आणि रस्ता खोदण्याच्या परवानग्यांमुळे परवडणारे नव्हते, म्हणून पाच रेडिओ लिंकांनी, म्हणजे दोन टोकांच्या अँटेनांमधील बिनतारी जोडण्यांनी, वाड्या जोडायचे ठरवले. एप्रिल २०२३ मध्ये एका शहरी कंपनीशी सर्वेक्षणापासून हँडओव्हरपर्यंतचा एकत्र करार झाला. रक्कम जीएसटी धरून ३८,६४,००० रुपये. सहीच्या वेळी ३० टक्के म्हणजे ११,५९,२००, आराखडा सादर झाल्यावर २० टक्के म्हणजे ७,७२,८००, मास्ट (अँटेनाचे उंच खांब) उभे राहिल्यावर पुन्हा ११,५९,२०० आणि चाचणी पार पडल्यानंतर तीस दिवसांत उरलेले ७,७२,८०० असे हप्ते ठरले. आराखडा ‘सादर’ झाल्यावर, ‘मान्य’ झाल्यावर नव्हे, हे ध्यानात घ्या.

पहिला आराखडा उत्तम होता, आणि फसवणुकीची खरी मेख तिथेच आहे. सर्वांत लांब लिंक १४ किलोमीटरची, ५.८ गिगाहर्ट्झवरची. मध्यावर एक धार आडवी येते आणि तिच्यावर दाट झाडी आहे. एवढ्या अंतरावर मध्यभागी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे लहरी नीट पोहोचण्यासाठी सरळ रेषेभोवती लागणाऱ्या मोकळ्या पट्ट्याची, त्रिज्या साधारण १३.५ मीटर येते आणि तिच्या किमान साठ टक्के, म्हणजे आठ मीटर, मोकळे अंतर लागते. शिवाय पृथ्वीच्या गोलाईपोटी जवळजवळ तीन मीटर धरावे लागतात. त्या आराखड्यात हे सारे धरलेले होते, झाडांची उंचीही धरलेली होती. दोन्ही टोकांना २४ मीटरचे मास्ट ठेवले की शेंड्यांच्या वर नऊ मीटर मोकळे राहतात, असे त्यात स्वच्छ काढून दाखवले होते. अपेक्षित सिग्नल उणे ६५ डीबीएम (शक्तीचे एकक, उणे आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला) आणि वेग २०० एमबीपीएस. हे गणित मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त दूरसंचार अभियंत्यांना दाखवले आणि त्यांनीही ते बरोबर असल्याचे सांगितले. तेव्हा आम्ही डोळे झाकून पैसे दिले, असे जे आता गावात बोलले जाते, ते खरे नाही. आम्ही तपासले होते, पण तपासलेला कागद करारात बांधलेलाच नव्हता.

कारण करारात उंचीचा आकडा कोठेही नव्हता. बीओक्यूमध्ये, म्हणजे साहित्य व परिमाणांच्या यादीत, ‘मास्ट, १२ ते २४ मीटर, रेडिओ अभियांत्रिकी आराखड्यानुसार’ एवढेच लिहिलेले होते, वेगापुढे ‘आराखड्यानुसार’ आणि चाचणीच्या निकषापुढेही ‘आराखड्यानुसार’. सगळा करार एका खुंटीला टांगलेला आणि ती खुंटी कंत्राटदाराच्या हातात. आराखडा बदलला की माल बदलतो, वेग बदलतो, उत्तीर्ण होण्याची अटही बदलते, मात्र किंमत तेवढी बदलत नाही.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली त्याविषयी. २१ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे गणपती बसल्यानंतर दोनच दिवसांनी, सायंकाळी मला एक ईमेल आला. विषय होता ‘आराखडा आवृत्ती ३, माहितीसाठी’. जोडलेली फाइल एकेचाळीस पानांची होती, मुखपृष्ठ पहिल्यासारखेच, नकाशे तेच, रंग तेच. मजकुरात शेवटची ओळ अशी होती की सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास ही आवृत्ती मान्य समजली जाईल. त्याला आधार देणारे उपकलम करारात खरोखरच होते. मी मोबाइलवर पहिली चार-पाच पाने वर सरकवली आणि उत्तर पाठवले : ‘मिळाले, धन्यवाद.’ हे दोन शब्द आज त्यांच्या वकिलांच्या नोटिशीत ‘स्पष्ट लेखी संमती’ म्हणून जाड ठशात छापलेले आहेत. एकोणिसाव्या पानावरच्या तक्त्यात दहाही मास्टची उंची १२ मीटर झाली होती आणि तेविसाव्या पानावर २०० एमबीपीएसच्या जागी ‘अपेक्षित ४०’ आले होते. बदलांची यादी नव्हती, बदललेल्या आकड्यांखाली रेघ नव्हती. घरात आरतीची तयारी चाललेली असताना माहितीसाठी म्हणून आलेल्या कागदाची पूर्वीच्या आवृत्तीशी ओळ न् ओळ कोण ताडून पाहतो? नेमका तो दिवस निवडला गेला, हा योगायोग आहे असे मी तरी मानणार नाही.

दोन्ही टोके बारा-बारा मीटरने खाली आली की मधली रेषाही बारा मीटरने खाली येते. शेंड्यांच्या नऊ मीटर वरून जाणारी लिंक आता तीन मीटर झाडीत शिरली. हे शाळकरी मुलालाही कळेल आणि कंपनीच्या अभियंत्यांना ते नक्कीच कळत होते, कारण नोव्हेंबरमधल्या चाचणीत त्यांनी जे केले ते केवळ जाणकारच करू शकतो. त्या दिवशी सिग्नल उणे ६३ दिसला. आम्ही खूश झालो आणि चाचणी उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर सही केली. दोन आठवड्यांनी आमच्याच तंत्रज्ञ मुलाने रेडिओचे पान उघडले, तेव्हा ‘देश’ या चौकटीत भारत नव्हताच. तिसराच कुठला देश निवडून प्रक्षेपणाची शक्ती २४ डीबीएमवर नेऊन ठेवलेली होती. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला असला, तरी ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये डिश अँटेनामुळे होणारी वाढ धरून ३६ डीबीएमची, म्हणजे चार वॅटची मर्यादा आहे. ३० डीबीआयची, म्हणजे तीस डेसिबल वाढ देणारी, डिश लावली की रेडिओने ६ डीबीएमच सोडायचे असतात. त्यांनी मर्यादेच्या १८ डेसिबल वर, म्हणजे साठपटीहून अधिक शक्तीने लिंक चालवून दाखवली. सेटिंग कायद्यात बसवल्याबरोबर सिग्नल उणे ८१ वर आला आणि ४० एमबीपीएसही मिळेनासे झाले. विचारले तर ‘पावसाळी भाग आहे, सिग्नल पडणारच’ असे उत्तर मिळाले. तेव्हा डिसेंबर होता आणि पाऊस संपून कितीतरी दिवस झाले होते.

हँडओव्हरच्या वेळी प्रत्येक रेडिओच्या सेटिंगच्या पानाचे छायाचित्र स्वतः काढा. देश, वारंवारता, शक्ती आणि सिग्नल एकाच चित्रात दिसले पाहिजेत.

यानंतर दाद मागण्याचे जे नाटक सुरू झाले त्याने फसवणुकीपेक्षा जास्त मनस्ताप दिला. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्यांनी करार हातात घेतला, पहिले पान पाहिले आणि ‘हे दिवाणी स्वरूपाचे आहे’ असे सांगून परत दिला. तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लागू होते, आता १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. आकडा बदलला तरी वाक्य तेच ऐकावे लागते. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवा, असे सांगण्यात आले. चांगला आराखडा दाखवून करार मिळवायचा आणि मग तोच गुपचूप अर्धा करायचा, यात हेतू दिसत नसेल तर तो कशात दिसतो, याचे उत्तर तिथे कोणाकडेही नव्हते. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर समजले की व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगाराचा अपवाद आहे, पण तीन भागीदार आणि अकरा पगारी माणसे असलेल्यांनी तो मागू नये, असा अनाहूत सल्लाही मिळाला. रेडिओच्या शक्तीचा प्रकार संबंधित कार्यालयाला कळवला, तर उलट आम्हालाच विचारण्यात आले की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि उपकरणे कोणाच्या मालकीची आहेत. कंत्राटदाराशी आमचा संबंध येत नाही, असे ते म्हणाले. म्हणजे गुन्हा त्याने करायचा, खुलासा आम्ही द्यायचा.

राहिला लवाद. करारातील कलमानुसार लवाद त्यांच्या संचालकाने नेमायचा आणि सुनावणी त्यांच्या शहरात व्हायची. वादातील एका पक्षाने एकट्यानेच एकमेव लवाद नेमणे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच म्हटले आहे, परंतु तसे कलम करारात घालण्यापासून त्यांना कोणी अडवत नाही आणि ते बाजूला सारायला आपल्याला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्याचा खर्च वकिलांनी सांगितला तेव्हा आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो. तशात लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी २००६ च्या कायद्याने नेमलेल्या सुलभीकरण परिषदेची नोटीस आली. तो मार्ग मुळात पुरवठादाराची थकलेली रक्कम वसूल करण्यासाठी आहे. कंत्राटदार नोंदणीकृत लघुउद्योग असल्याने त्याने शेवटच्या ७,७२,८०० रुपयांसाठी दावा लावला आहे, त्यावर बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज मागितले आहे, आणि निकाल विरुद्ध गेला तर तो आव्हान देण्याआधी पंचाहत्तर टक्के रक्कम आम्हाला भरावी लागेल. उभारणीचे कंत्राट त्या कायद्यात बसत नाही, अशी हरकत आमच्या वकिलांनी घेतली आहे.

व्याख्येत आराखड्याचा दिनांक आणि आवृत्तीचा क्रमांक घाला, तोच आराखडा पानोपान दोघांच्या सह्यांनिशी परिशिष्ट म्हणून जोडा, आणि दोन्ही पक्षांच्या सहीच्या स्वतंत्र पत्राशिवाय त्यात बदल होणार नाही असे लिहा. ‘हरकत न आल्यास मान्य’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. टॉवरची जागा अक्षांश-रेखांशासह, अँटेनाची जमिनीपासूनची उंची, वारंवारता, अपेक्षित सिग्नल आणि फेडसाठी (सिग्नल अधूनमधून उतरतो त्यासाठी) राखलेले डेसिबल हे आकडे करारातच हवेत. ते बीओक्यूत आराखड्याकडे बोट दाखवून भागत नाही. ‘अपेक्षित’ नको, ‘किमान’ लिहून घ्या. चाचणी एका दुपारची नको. निदान पंधरा दिवसांची नोंद, कायदेशीर शक्तीवर, आणि मापनाचे यंत्र तुमच्या माणसाच्या हातात. आराखड्याचे पैसे आराखडा आला म्हणून देऊ नका. आणि कंत्राटदाराच्या कोणत्याही ईमेलला ‘धन्यवाद’ लिहू नका. ‘पोहोच दिली, मान्यता नाही’ एवढेच लिहा, उद्धट वाटले तरी चालेल.

सध्या सर्वांत लांब लिंकचे दोन्ही मास्ट आम्ही पदरचे २,३७,५०० रुपये घालून २४ मीटरपर्यंत वाढवले आहेत आणि रेडिओ ६ डीबीएमवर ठेवून तिथे उणे ६६ मिळतात, म्हणजे पहिला आराखडा जवळजवळ अचूक होता. बाकीच्या चार लिंकांचे पोलाद घ्यायला पैसे उरलेले नाहीत. परिषदेपुढील पुढच्या तारखेला आम्ही आवृत्ती १ आणि आवृत्ती ३ शेजारी शेजारी ठेवून, बदललेल्या प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ मारून देणार आहोत.