मेन रोडवरील दुकानातला बारीक टोकाचा चिमटा

अंजनेरीहून उतरल्यावर पोटरीला चिकटलेली गोचीड काढण्यासाठी नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेला हा स्टीलचा चिमटा, भुवयांचा पसरट चिमटा दाबतो तसे गोचिडीचे पोट न दाबता, तिला त्वचेलगत तोंडाजवळच धरतो आणि सरळ, संथपणे वर ओढू देतो. रॉकेल ओतण्याचा किंवा पेटती उदबत्ती टेकवण्याचा घरगुती उपाय मुळातच चुकीचा आहे. टोकांना टोपण नसल्याने तो पिशवीत टोचतो, ही उणीव; कुत्र्यांसाठीचा गोचीडनाशक फवारा स्वतःच्या अंगावर मारू नका, असे दुकानदाराने आपणहून बजावले, हे विशेष. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला, गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप सिंधुदुर्गातही आढळला असल्याने, तिकडे जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे यांच्याबरोबर हा चिमटाही नेणार आहे.