इअर टिप्सचा सहा महिन्यांचा वापर: पहिल्या दिवशीची आवड पुढे का टिकत नाही

इन-इअर इअरफोनच्या खोक्यात एस, एम, एल अशा टिप्सच्या तीन जोड्या येतात. एम आधीच चढवलेली असते आणि बहुतेकांच्या कानात शेवटपर्यंत तीच राहते. मग 'बेसच नाही', 'आवाज टोचतो', 'तासाभरात कान ठणकतो' या सगळ्या तक्रारी इअरफोनच्या खात्यात जमा होतात. वायरचा एकच इअरफोन, एकच फोन आणि ठरावीक गाणी ठेवून सहा महिने पाच प्रकारच्या टिप्स आलटूनपालटून वापरल्या: अरुंद भोकाची सिलिकॉन, रुंद भोकाची सिलिकॉन, फोम, दुहेरी छत्रीची (छत्री म्हणजे टिपचा कानात बसणारा पसरट घुमट) सिलिकॉन आणि टीपीई या रबरासारख्या मऊ प्लास्टिकची. पहिल्या दहा मिनिटांत जी टिप सगळ्यांत भारी वाटते, ती सहसा रोज वापरायची टिप ठरत नाही, हे या वापरातून अगदी स्पष्ट झालं. दहा मिनिटांत बेस कळतो. कानावरचा दाब, 'स' आणि 'श'चा त्रास आणि टिपचं म्हातारपण कळायला आठवडे लागतात.

सुरुवात सीलपासूनच करावी लागते, कारण सील नसेल तर बाकी तुलनेला काही अर्थ नाही. टिप कानाच्या नळीत घट्ट बसली की टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा एक छोटासा बंद कप्पा तयार होतो. ड्रायव्हरचा, म्हणजे इअरफोनमधल्या छोट्या स्पीकरचा पडदा हलला की या कप्प्यातला दाब कमीजास्त होतो आणि तोच आपल्याला बेस म्हणून ऐकू येतो. कुठे बारीकशी फट राहिली तर सावकाश बदलणारा दाब तिथून निसटतो, म्हणजे आधी सर्वांत खालचे सूर जातात. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं हलकं होतं. गायकाचा आवाज मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणूनच फट आहे हे पटकन लक्षात येत नाही. 'या इअरफोनचा ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, जास्त आहे' असं वाटतं, पण ट्रेबल होता तेवढाच असतो, त्याच्याखालचा आधार गेलेला असतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि हे खरं नुकसान. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. सैल टिपने बाहेरचा गोंगाटही आत येतो, त्यामुळे ती मर्यादा नकळत ओलांडली जाते.

सील तपासायला गाणं नको. टोन जनरेटरच्या कुठल्याही अ‍ॅपवर ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि इअरफोनची बाहेरची बाजू बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर सूर ठळक झाला, तर त्या कानात फट आहे. नंतर सूर बंद करून, तोंड मिटून 'म्म्म' असं गुणगुणा. सील नीट असेल तर स्वतःचा आवाज दोन्ही कानांत सारखा घुमतो. एकाच बाजूला घुमत असेल तर दुसरी बाजू गळतेय. शेवटी सूर पुन्हा लावून जबडा चावल्यासारखा हलवा, मोठं हसा, मान दोन्हीकडे वळवा. कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा असतो आणि जबड्याबरोबर त्याचा आकार बदलतो, त्यामुळे स्थिर बसल्यावर घट्ट वाटणारी टिप खाताना किंवा बोलताना सुटू शकते. एअरपॉड्स प्रो आणि इतर काही वायरलेस इअरबड्समध्ये फिट तपासायची सोय सेटिंगमध्येच असते. ती जरूर वापरा, पण ती तपासणी स्थिर बसलेल्या माणसाची असते. जबड्याची परीक्षा वेगळी घ्यावीच लागते.

या तपासणीत दोन्ही कान सारखे निघतील अशी अपेक्षा ठेवू नका. डाव्या-उजव्या नळीची रुंदी आणि वळण वेगळं असणं अगदी सामान्य आहे. एका कानात एम, दुसऱ्यात एल घालायला काहीच हरकत नाही. मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि गायक डोक्याच्या मध्यभागी न उभा राहता एका बाजूला सरकलेला वाटला, तर इअरफोन बदलून मागण्याआधी एका बाजूची टिप एक साइज वरखाली करून पाहा. आणि साइजच्या अक्षरांवर विसंबू नका. एम म्हणजे किती, याचं सगळ्यांना बांधील असं माप नाही. एका कंपनीची एम दुसरीच्या एलएवढी निघते, त्यामुळे मिलिमीटरमधला बाहेरचा व्यास बघूनच घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कानाला कळतो.

साइज बरोबर असूनही सील होत नसेल, तर घालण्याची पद्धत चुकत असते. सरळ आत ढकललेली टिप नळीच्या पहिल्या वळणावर अडते आणि छत्रीची कड दुमडते. त्या दुमडीतूनच हवा जाते. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, नळी सरळ होते, मग उजव्या हाताने टिप किंचित फिरवत आत न्यायची आणि नंतर कान सोडायचा. सिलिकॉन कोरडी असेल आणि अडत असेल तर छत्रीची कड पाण्याने जराशी ओलसर करा. घालताना आतून चरचर किंवा टक् असा आवाज आला तर घाबरू नका. अडकलेल्या हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पडदा दबतो, त्याचा तो आवाज आहे. सावकाश घातलं की बहुधा येत नाही. काढतानाही आधी थोडं फिरवून हवा आत येऊ द्यायची. हिसका देऊन ओढलं की कानाच्या पडद्यावर ओढ बसते, आणि खोल जाणाऱ्या टिप्समध्ये ती चांगलीच जाणवते.

सील जमल्यानंतर मग आवाजातला फरक ऐकावा. इथे दोन गोष्टी काम करतात, भोक आणि खोली, आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. भोक अरुंद असेल, म्हणजे इअरफोनच्या नोझलपेक्षा (जिच्यावर टिप चढते त्या नळीपेक्षा) टिपचं तोंड बारीक असेल, तर वरचे सूर थोडे दबतात आणि बेस त्यामानाने भरीव वाटतो. रुंद भोकाच्या टिपमध्ये झांजा, तंबोऱ्याच्या तारांची झणझण, सतारीवरच्या नखीचा आघात मोकळा होतो. पहिल्या दिवशी रुंद भोक निर्विवाद जिंकतं. तिसऱ्या आठवड्यात, रोज तीन-चार तास बोलण्याचे कार्यक्रम ऐकताना, 'स', 'श' आणि 'च' टोचायला लागतात. तेजस्वी आवाजाच्या, म्हणजे वरचे सूर आधीच ठळक असलेल्या इअरफोनवर ही टिप लावणं म्हणूनच टाळावं. दबक्या, बेसप्रधान इअरफोनवर मात्र ती खरंच न्याय देते.

खोलीचा परिणाम त्याहून सूक्ष्म आहे. मोकळ्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, बाहेरून उघडी आणि आत पडद्याने बंद असते, त्यामुळे ती ३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. टिप घातली की ती दोन्हीकडून बंद होते आणि घुमण्याची जागा वर सरकते. टिपचं टोक आणि पडदा यांच्यात २० मिलिमीटर उरले तर ढोबळ हिशेबाने साडेआठ किलोहर्ट्झ, १५ उरले तर साडेअकरा. 'स'चा सीत्कार ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच असतो. म्हणजे टोचणारा आवाज कमी करायला प्रत्येक वेळी इक्वलायझर लागत नाही; टिप दोन-तीन मिलिमीटर आत गेली तरी घुमण्याची ती जागा त्रासदायक पट्ट्यातून वर निघून जाते. मोठी टिप बाहेरच अडकते, म्हणून ती बेस देते आणि सोबत 'स' टोचवते. लहान टिप खोल जाते आणि सील धरत असेल तर तीच गोड वाटते. एलऐवजी एम किंवा एमऐवजी एस खोल बसवून पाहणं हा या सगळ्या प्रयोगांतला सर्वांत उपयोगी ठरलेला बदल. कोणता सूर किती मोठा येतो हे दाखवणारे इअरफोनचे आलेख आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या धातूच्या कृत्रिम कानात मोजले जातात. त्यांत ८ किलोहर्ट्झजवळ दिसणारा उंचवटा बराचसा या खोलीचाच असतो, तुमच्या कानात तो तिथेच असेल असं नाही.

एक बारकावा टिप चढवतानाचा. छत्री उलटी करून आतली नळी मोकळी करा, ती नोझलवर टेकवा आणि फिरवत नोझलच्या उंच कडेपलीकडे खाचेत बसेपर्यंत ढकला. जवळून पाहा: नोझलची जाळी टिपच्या तोंडाशी सपाट आली आहे की दोन मिलिमीटर आत राहिली आहे? आत राहिली तर पुढे एक छोटा बोगदा तयार होतो आणि रुंद भोकाची टिपही अरुंदासारखी वागते. नोझलचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच टिप मागवावी. नोझल ३ मिलिमीटरपासून ६च्या पुढेपर्यंत कितीही जाड असू शकतं. नोझलवर सैल बसलेली टिप इअरफोन काढताना कानातच राहू शकते. तसं झालं आणि बोटांना कड लागत नसेल तर चिमटा, पिन काही घालू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

फोम हा आरामात पहिला आणि टिकण्यात शेवटचा. दोन बोटांत दहा सेकंद सारखा फिरवत त्याची बारीक सुरळी करायची. नुसता चिरडला तर घडी पडते आणि घडीतून हवा जाते. कानात घालून वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा, तोवर तो फुगतो. थंडीत फोम कडक असतो, आधी तळहातात गरम करून घ्यावा. आवाजात वरचं टोक थोडं मऊ होतं, बाहेरचा गोंगाट मात्र सिलिकॉनपेक्षा चांगला अडतो. दोन-तीन महिन्यांत त्याचं तंत्र बिघडतं. घाम आणि तेल मुरतं, दाबल्यावर तो पूर्वीसारखा सावकाश न फुगता लगेच उसळतो, आणि कानात नीट बसायच्या आत फुगून तिरका अडकतो. उसळायला लागला की बदलायचा. धुऊन तो परत पूर्वीसारखा होत नाही. व्यायामाला फोम नकोच.

दुहेरी-तिहेरी छत्रीची टिप ही खोल बसवण्याची जुनी पद्धत. १९९१च्या एटिमोटिक ईआर-४ या इअरफोनपासून ती परिचित आहे. फायदा फक्त आवाजात नाही. कान बंद केल्यावर स्वतःचं बोलणं, चावणं, पावलं आत घुमतात, कारण ती कंपनं कूर्चेच्या भागातून नळीतल्या हवेत उतरतात. टिप हाडाच्या भागापर्यंत गेली की ही घुम कमी होते. पण इतकं खोल घालणं सगळ्यांना सोसत नाही, आणि दिवसात दहा वेळा काढ-घाल असेल तर ही टिप निवडूच नका. टीपीईची टिप अंगाच्या उबेने मऊ होऊन चिकटून बसते. चालताना, धावताना हलत नाही. त्याच चिकटपणामुळे खिशातला कचरा आणि केस तिच्यावर जमतात. दर दोन-तीन दिवसांनी धुवायची तयारी असेल तरच घ्या.

दुखण्याची जागा ओळखली तर अर्धं काम होतं. नळीच्या तोंडाशी गोल ठणका असेल तर टिप मोठी किंवा कडक आहे. बाहेरच्या वाटीसारख्या भागात एकाच बिंदूवर दुखत असेल तर इअरफोनची बॉडी टोचतेय, तिथे लहान टिप घेतली तर बॉडी आणखी आत येऊन जास्त दुखेल. लांब दांड्याची टिप घेतली तर थोडा फरक पडतो. खाज बहुतेक वेळा ओलाव्याची किंवा राहिलेल्या साबणाची असते. वायरलेस बड्ससाठी उंच टिप घेताना चार्जिंगची डबी बंद होते का पाहा. झाकण लागलं तरी चार्जिंगच्या पिना टेकत नसतील तर सकाळी एक बाजू रिकामी मिळते. नॉइज कॅन्सलिंगही (बाहेरचा गोंगाट खोडून काढायची सोय) मुख्यतः खालच्या सुरांवर काम करतं, त्यामुळे फट राहिली की बेसबरोबर तेही ढासळतं.

सिलिकॉन आठवड्याला एकदा, नोझलवरून काढून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाच्या थेंबाने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावी. ओली चढवली की पाणी जाळीत शिरतं. एका बाजूचा आवाज हळूहळू बसला असेल तर दोन्ही बाजूंच्या टिप्सची अदलाबदल करा. दोष टिपबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर टिपमध्ये मळ आहे, त्याच बाजूला राहिला तर इअरफोनची जाळी तुंबली आहे.

सिलिकॉनही म्हातारी होते, फक्त इतकी सावकाश की कळत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात छत्रीची कड पातळ आणि लुळी पडते, आतली नळी नोझलवर सहज फिरायला लागते आणि बेस रोज कणाकणाने उतरतो. कान त्याला सरावतो, त्यामुळे स्मरणावर विसंबून हे पकडता येत नाही. म्हणून नवीन टिप्स घेताना एक जोडी जास्तीची घ्या, ती न वापरता अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, पाकिटावर तारीख टाका. महिन्यातून एकदा ती चढवून तोच ४० हर्ट्झचा सूर ऐका. जुनी आणि कोरी यांच्यात फरक कळायला लागला त्या दिवशी जुनी जोडी टाकून द्या.